बारा ज्युरींची नावं

अमेरिकेत, अलाबामा राज्यातल्या आमच्या गावात व्हर्लीन टॉलिव्हर बाईंनी एकतीस वर्षं नववीला इंग्रजी शिकवलं. दर जानेवारीत तीच नावाजलेली कादंबरी: निर्दोष काळ्या माणसावरचा खटला आणि त्याची बाजू लढवणारा गोरा वकील. मी शेजारच्या वर्गात गणित शिकवायचो. वाचताना मुलं रडायची. बाई स्वतः काळ्या, पण त्यांचा आवाज कधी कापला नाही.

एका वर्षी ड्रेनेटा नावाच्या मुलीनं विचारलं, "बाई, सगळे त्या गोऱ्या वकिलासाठी रडतात. शिक्षा झाली त्याच्या घरच्यांचं काय झालं?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी कोर्टातल्या जुन्या कागदांच्या प्रती वाटल्या. १९३८चा खटला, आमच्याच गावच्या कोर्टातला. आरोपी ल्यूशस पेटवे, बाईंचे सख्खे मामा. ज्युरी अकरा मिनिटांत 'दोषी' असा निकाल घेऊन परत आली होती. मामांना विजेच्या खुर्चीत बसवून मारलं. शेवटी बारा ज्युरींची नावं होती, सगळे गोरे. ती मोठ्यानं वाचणारा पोरगा चौथ्या नावाशी अडखळला.

"हे तर आमचे पणजोबा!"

महिनाभरात शाळा समितीची बैठक भरली. त्या सकाळी मी बाईंना म्हणालो होतो, "काळजी करू नका, मी बोलतो."

अध्यक्ष हॉलिस क्रेनशॉ फार गोड माणूस. म्हणाले, "बाई, कादंबरीला आमची ना नाही. मीसुद्धा वाचताना रडलोय. पण ही खरी नावं आहेत. त्यांची नातवंडं इथं राहतात."

"मामांची भाचीही इथंच राहते."

"अहो, किती जुनी गोष्ट ती!"

"कादंबरीतलीही तेवढीच जुनी आहे, साहेब. तिथं बरं रडू येतं तुम्हाला."

कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्षांनी विचारलं, "आणखी कुणा शिक्षकांना बोलायचंय?"

बाईंनी मागं वळून पाहिलं नाही. मी बुटांकडे बघत बसलो. मला पेन्शनला चार वर्षं होती, आणि क्रेनशॉ माझ्या बायकोचे मावसभाऊ.

कागदांवर बंदी आली, कादंबरी राहिली. बाईंनी ती वर्षअखेरपर्यंत शिकवली आणि मे महिन्यात राजीनामा दिला.

बायकोनं भाजलेला पीच-पाय, पीच भरलेला गोड पदार्थ, ताटलीत घेऊन मी त्यांच्या दारात गेलो. माफी मागायला तोंड उघडलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "तोंड उघडायचा दिवस गेला. ताटली ठेवा तिथं बाकावर. बायकोचा काही दोष नाही."

पुढची नऊ वर्षं आम्ही एकाच दुकानातून सामान आणत होतो. त्या मान हलवायच्या, पुढं जायच्या. माझं नाव त्यांनी पुन्हा कधी घेतलं नाही.