मामूंना नुसतं 'हाव' चालत नसे

'हाव' या शब्दाशी उभा दावा मांडलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच झाला, आणि तो म्हणजे चिखलीच्या आमच्या गल्लीतले मामू! आमच्याकडे होकाराला हाव म्हणतात, तेही प्रश्न संपायच्या आत. मामूंना ते खपायचं नाही. दार वाजवून "मी आहे" म्हटलं, की आतून आवाज, "मी तं मी बी आहो! नाव सांग!" मामींनी "उरलेलं टाकून देऊ का?" विचारलं, की हे, "काय टाकून राह्यली? नाव घे!" मामी वैतागून "वांग्याची भाजी, कालची" म्हणेपर्यंत मामूंनी ती खाल्लेली असायची.

त्यांचं कॉम्प्युटर सेंटर होतं. बीटी कपाशीवर बोंडअळी पडली, त्या वर्षी भरपाईसाठी शेजारच्या अमडापूर गावच्या तक्रारी आम्ही शेतात फिरून त्यांच्या मशीनमध्ये भरल्या. दुसरी प्रत नव्हती, आणि लोकांनी कपाशीच्या पऱ्हाट्या तर उपटूनही टाकल्या होत्या. म्हणजे पुरावा काय तो मशीनमध्येच! काळ्या पडद्यावर कमांड देऊन चालणारा तो प्रोग्राम मामूंनी स्वतः लिहिलेला. त्यात सगळं पुसायचं, तर 'हो' चालत नसे. गावाचं पूर्ण नाव लिहावं लागे.

"मामू, काऊन एवढी कटकट? एक बटन ठेवा ना."

"बटन ठेवलं तं तू हाव दाबशीन. आपलं बोट आंधी चालते बे, डोकं मांगून येते!"

तक्रारी तपासायला कृषी खात्याचे साहेब यायच्या आदल्या दिवशी मामू सरावाची खोटी माहिती पुसायला बसले. पडद्यावर दोन काळ्या खिडक्या, एक सरावाची, एक अमडापूरची, दोन्ही दिसायला सारख्या. मामूंनी कमांड दिली, नावाच्या जागी 'सराव' लिहिलं, एंटर दाबलं. पडद्यावर उमटलं: 'हा सराव नाही, अमडापूर आहे. काहीही पुसलेलं नाही.'

अरे बापरे! मामू चुकीच्या खिडकीत होते! आणि मामू? खुर्चीवरून उडीच मारली! "आयकलं का वं! चाललं! माह्यं चाललं! मलेच अडवलं त्यानं!" मामींना भरल्या हातानं ओढत आणून त्यांनी तो पडदा दाखवला. दुसऱ्या दिवशी साहेबांनी अमडापूरची एकूण एक तक्रार नोंदवून घेतली.

यंदा मामू मुलीकडे नाशिकला निघाले. मशीन भंगारात द्यायचं, म्हणून आधी पुसायला बसले. त्यानं नाव विचारलं. मामूंनी 'अमडापू' लिहिलं आणि थांबले.

"साऱ्यांचं काम झालं ना मामू? पुसून टाका आता."

"हाव," मामू म्हणाले. जन्मात पहिल्यांदा नुसतंच हाव! पण शेवटचं अक्षर काही त्यांनी लिहिलं नाही.

मशीन आता माझ्या घरी आहे. दार वाजलं की मीच आतून ओरडतो, "नाव सांग!" बाहेरून एकदा तरी "मामू" असं ऐकू यावं, एवढीच आशा.