पहिली नळी

आमच्या इस्पितळात रक्त काढायच्या खोलीत एक खुर्ची आहे. तिच्या दोन्ही हातांवरचं रेक्झिन झिजून आतला स्पंज बाहेर आलाय. त्या खुर्चीसमोरच्या स्टुलावर मामा एकतीस वर्षं बसले. मामा खरं तर कोणाचेच मामा नव्हते. आईबापाला एकुलते एक, बहीणच नाही तर भाचे कुठून येणार? पण सुई टोचणाऱ्या माणसाला नुसतं ‘अहो’ म्हणून भागत नाही. काहीतरी जवळचं नाव लागतं.

मामांचा हात हलका होता. हे मी भक्तिभावानं सांगत नाहीये, कुणाचे गोडवे गायचा मला मुळातच कंटाळा आहे. केमो घेऊन घेऊन बायकांच्या शिरा आक्रसतात, बोटाखालून सटकतात. इतर जण तीन-तीनदा टोचून स्वतःच घामाघूम व्हायचे. मामा डोळे मिटून बोटानं कोपराची खोबण चाचपायचे, “आहे, आहे, जरा लाजतेय,” म्हणायचे आणि एका टोचणीत काम उरकायचे. बायका त्यांच्यासाठी तासभर रांगेत थांबायच्या. मामांनाही ते आवडायचं. का आवडू नये?

मी शेजारच्या अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकापाशी. मामा मला दुर्बीणबाई म्हणायचे. स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झालेल्या बायकांच्या रक्तात गाठीपासून सुटलेल्या पेशी फिरताहेत का, आणि फिरत असतील तर किती, हे शोधायचं माझं काम. दोन चमचेही भरणार नाही एवढं रक्त, त्यात अब्जावधी पेशी, आणि आपल्याला हव्या त्या पाच-सहा. त्या लोहकण चिकटवून चुंबकानं ओढून घ्यायच्या, त्यांना चमकणारा रंग द्यायचा आणि एकेक निरखायची. मी आणि माझी जोडीदारीण वेगवेगळं मोजायचो, एकमेकींना न विचारता.

“काय दुर्बीणबाई, आज किती चोर सापडले?” डबा खाताना मामा विचारायचे.

“एकही नाही,” म्हटलं की त्यांना दोन घास जास्त जायचे.

या कामात एक नियम आहे आणि त्याला अपवाद नाही. सुई कातडीतून आत शिरताना कातडीच्या चार पेशी खरवडून बरोबर नेते. त्या पेशी आणि गाठीच्या पेशी आमच्या रंगात जवळपास सारख्याच चमकतात. म्हणून पहिल्या नळीतलं रक्त आम्ही कधीच मोजत नाही. ती नळी साध्या तपासण्यांना जाते. मोजायची ती दुसरी. रक्त काढणाऱ्यानं नळीवर ‘दुसरी’ असं लिहून सही करायची, आणि आम्ही त्या सहीवर विसंबायचं.

गणित शिकवणाऱ्या एक बाई होत्या. अंडाशयाचा आजार, उपचार संपून दीड वर्ष झालेलं. दर तीन महिन्यांनी येत आणि दर वेळी आकडा शून्य. नुकत्याच शाळेत परत जायला लागल्या होत्या. त्या खेपेला मी सहा पेशी मोजल्या, जोडीदारणीनं सात. स्कॅनमध्येही एक अंधुक ठिपका होता, हो म्हणता येईना की नाही म्हणता येईना. मोठ्या डॉक्टर मॅडमना मी आकडा तोंडी कळवला. अहवालावर सही व्हायची होती, पण त्यांनी ठरवून टाकलं, सोमवारपासून पुन्हा केमो. बाई बाकावर पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. “मुलांची त्रिकोणमिती अर्धवट राहील,” एवढंच म्हणाल्या.

माझ्या मनात मात्र त्या पेशी खुपत होत्या. रुंद होत्या, चपट्या, दोन तर एकमेकींना कडेला कड लावून चिकटलेल्या. गाठीची पेशी अशी ऐसपैस पसरत नाही. मी साध्या तपासण्यांची नोंद काढून पाहिली. त्या दिवशी बाईंची पहिली नळी तिथे पोचलीच नव्हती.

मामा हाताला बांधायचे पट्टे पुसत होते. मी दार लोटून घेतलं.

“मामा, गणिताच्या बाईंची पहिली नळी कुठे गेली?”

त्यांनी पट्टा खाली ठेवला. “एकच भरली.”

“आणि वर लिहिलंत ‘दुसरी’?”

“लिहिलं. शीर मिटत चालली होती गं. दोन नळ्या काही निघाल्या नसत्या. दुसऱ्या हातावर टोचायला गेलो, तर त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, मामा, आता पुरे. मग मी म्हटलं, पुरे.”

माझं डोकंच फिरलं. “तुमचा तो हलका हात घाला चुलीत! सोमवारी त्या बाईला पुन्हा केमो चढणार आहे, कळतंय का?”

 मामांना खरंच कळलं नव्हतं. एकतीस वर्षांत नियम पाठ झाला होता, पण त्या आकड्यावर काय काय ठरतं हे त्यांना कोणी बसून समजावलं नव्हतं. मीही नाही. चोर-पोलिसाचे विनोद तेवढे केले होते.

निवृत्तीला त्यांचे चार महिने उरले होते. माझा राग ओसरला आणि मला त्यांची दया आली. दया आली की माणूस पळवाटा शोधतो. “असं करू,” मी म्हटलं. “मी अहवालात ‘नमुना सदोष’ लिहिते. हे दोन शब्द आठवड्यातून एकदा तरी लिहावे लागतात, कोणी विचारत नाही. उद्या बाईंना बोलवा, दोन नळ्या काढा. विषय संपला.”

त्यांनी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. मामांना तीनदा टोचावं लागलं.  पण नळ्या दोन भरल्या, आणि दुसरीत मला शून्य दिसलं. जोडीदारणीलाही शून्य. डॉक्टरांनी केमो थांबवली, ठिपक्यासाठी दोन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू म्हणाल्या. मी धावत मामांकडे गेले. वाटलं, आता पेढे मागतील.

“दुर्बीणबाई,” ते म्हणाले, “ही एकटीच नव्हती.”

“म्हणजे?”

“अजून आहेत. दोन वर्षांतल्या. तू यादी काढ, मी सांगतो.”

“मामा, गप्प बसा. चार महिने राहिलेत.”

“त्यांचे किती राहिलेत?”

 मी यादी काढली. मामांना नावं आठवत नव्हती, हात आठवत होते. डावा हात, मनगटावर भाजल्याचा डाग. उजवा, शीर दोरीसारखी टणक, त्या बाई सतत हसून सॉरी म्हणायच्या. ते हात सांगत गेले, मी तारखांवरून माणसं शोधत गेले. अकरा निघाल्या. मग ते स्वतः उठून मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि मी त्यांच्या मागोमाग, कारण ‘नमुना सदोष’ माझ्या अक्षरात होतं.

व्हायचं ते झालं. मामांच्या हातातली सुई त्याच दिवशी गेली. मला लेखी ताकीद मिळाली, ती अजून माझ्या फायलीत आहे आणि असावीच. अकरांपैकी आठ जणींचा आकडा तेव्हाही शून्यच होता, त्यांचं काही बिघडलं नव्हतं. दोघींना पुन्हा तपासणीला बोलावलं. उरली एक, भाजल्याचा डाग असलेली. तिचा आकडा आठ आला होता. त्या आकड्यावरून तिला जड औषध सुरू केलं, आणि चार महिन्यांनी ती गेली. आजार होताच. ती त्यानं गेली की औषधानं, हे आता कोणीही सांगू शकणार नाही. पण शेवटचे चार महिने तिला अन्न गिळवत नव्हतं, एवढं कागदावर आहे.

तिच्या घरी डॉक्टरच फोन करणार होत्या. मामा म्हणाले, “मी करतो. सही माझी आहे.”

फोन तिच्या नवऱ्यानं उचलला. मी समोरच बसले होते, आवाज मला ऐकू येत होता. मामांनी कोण बोलतोय ते सांगितलं मात्र, तो माणूस एकदम मोकळा झाला. “मामा? अहो, तिला शेवटपर्यंत तुमची आठवण होती. म्हणायची, सगळ्या इस्पितळात एक मामाच तेवढे, जे दुसऱ्यांदा टोचत नाहीत. तुमचे आभार मानायचे राहूनच गेले बघा.”

मामांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता ते फोन ठेवतील. कबूल करते, मलाही तेच हवं होतं.

“आभार मानू नका,” मामा म्हणाले. “जरा बसून घ्या. ते दुसऱ्यांदा न टोचण्याबद्दलच बोलायचंय.”