घामात न हलणारं क्रीम

आमच्या आष्ट्यात एक लेडीज शॉपी आहे. मार्च लागला की तिच्या मालकिणीच्या जिभेला पालवी फुटते. गिऱ्हाइकाला ती बस म्हणत नाही. मेलेल्या पालीची शेपटी धरावी तसं केसांचं टोक दोन बोटांत धरते आणि म्हणते, "पार चिपाड झालंय. सिरम लावा, खरं सांगते." तिची सगळी खोटी वाक्यं 'खरं सांगते'नं संपतात.

मी शाळेत शिकवते, उन्हातान्हात चालत जाते. माझ्या गालांना तिनं तोंडावर "तवा" म्हटलं आणि उन्हाचं क्रीम हातात ठेवलं. "घामात बी हलत न्हाई, बाई. मी सोता हेच लावते, खरं सांगते."

लावलं. शाळेत पोचेपर्यंत ते वितळून डोळ्यांत उतरलं.

रविवारी मळ्याच्या वाटेवर ती दिसली. स्वतःच्या उसात भांगलत होती. अंगात फौजी नवऱ्याचा जुना फुल बाह्यांचा शर्ट, तोंडाला डोळ्यांपर्यंत टॉवेल. मी बांधावरूनच विचारलं, "आज क्रीम नाही लावलं?"

"आवं बाई, घामात टिकतंय व्हय ते?" खुरपं न थांबवता ती म्हणाली. मग माझं लाल झालेलं तोंड बघून उठली आणि तिनं कमरेचा दुसरा टॉवेल सोडून माझ्या तोंडाला गच्च बांधला. "सांजच्याला दुकानात या. नवीन आलंय. घामात बी हलत न्हाई, खरं सांगते."

एवढी निर्लज्ज बाई मी पाहिली नाही. संध्याकाळी तिचा टॉवेल परत द्यायला गेले आणि नवीन ट्यूब घेऊन आले.