नऊ वर्षांत दुप्पट

१२ जून. मुदत संपली म्हणून बँकेतल्या ठेवीची पावती शोधताना चाकूरच्या शेताच्या हक्कसोडपत्राची प्रत हाती लागली. वडिलांच्या तेराव्याला धाकट्या भावानं ते ओसरीवर माझ्यापुढं ठेवलं होतं. "अक्का, दोन लाख देतो की. व्याज आठ टक्के. बहात्तरला आठानं भाग, नऊ वर्षांत दुप्पट!" मी शाळेत गणितच शिकवते; भागाकार बरोबर होता. "मग दोन लाख तूच ठेव, शेत मला दे," मी म्हणाले. सुपारी कातरायची थांबून आई म्हणाली, "एवढ्यासाठी माहेर तोडायलीस का गं?" मी सही केली. पैसे खरंच दुप्पट झाले; आता तेवढ्या पैशांत त्या शेतातला एक प्लॉटही येत नाही. १३ जून. सकाळी वकिलाकडं जाऊन नांदेडच्या माझ्या घरात मुलाइतकाच लेकीचा हिस्सा लिहून ठेवला.