ढिगाच्या तळची फाईल

नगरपालिकेच्या बांधकाम विभागात फायली वाहणाऱ्या शिपाईबाईला सगळे मावशी म्हणत. वय सत्तावन्न, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, जीभ मात्र शाबूत. सव्वीस वर्षं तिने खालच्या खिडकीतले अर्ज उचलून दुसऱ्या मजल्यावर साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवले.

त्या टेबलाची रीत अशी, की आलेली फाईल ढिगावर ठेवायची आणि साहेबांनीही वरचीच उचलायची. म्हणजे काल आलेल्याचं काम आज, आणि सहा महिन्यांपूर्वीचा बिचारा तळाशी गुदमरलेला. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. चांगली शिकलेली माणसं होती सगळी.

मावशी जेवणाच्या सुट्टीत ढीग उलटा करून ठेवायची. एकदा साहेबांनी पकडलं.

"मावशी, तुमचं काम फाईल पोचवायचं. ढिगाला हात लावायचा नाही."

"पोचवतेच की. तुमच्यापाशी पोचून पुढे काय होतं, ते विचारा."

त्या दिवसापासून साहेब खोलीला कुलूप लावून जेवायला जाऊ लागले. एवढी तत्परता त्यांनी दुसऱ्या कशात दाखवल्याचं कुणाला आठवत नाही.

कुलूप लागल्यानंतर तळाशी गेली ती एका म्हाताऱ्या घड्याळजीची फाईल. त्याची बायको व्हीलचेअरवर. दारापासून फूटपाथपर्यंत तीन पायऱ्या, त्यांच्या जागी उतार बांधायला परवानगी हवी होती. बस्स. अकरा महिने तो दर सोमवारी खेटे घालत होता आणि अकरा महिने ती बाई उंबऱ्याआतून रस्ता बघत होती.

"मावशी, ही म्हणते, अर्जाबरोबर मलाही त्या टेबलावर नेऊन ठेवा," घड्याळजी एकदा म्हणाला. "तेवढंच घराबाहेर पडणं होईल."

मावशीला हसू आलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली.

मग वरून हुकूम आला, कागद बंद. जुन्या फायली संगणकात चढवायच्या, तारखेप्रमाणे घ्यायच्या. आधीच्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत पुढचा उघडणारच नाही. शिवाय कुणाच्या टेबलाशी किती दिवस अडलंय, हे अर्जदाराला घरबसल्या मोबाइलवर दिसणार.

कचेरीत जणू कुणी गेल्यासारखी अवकळा पसरली. हेडक्लार्क म्हणाले, "आणि वीज गेली तर?"

"वीज होती तेव्हा तरी कुठे दिवे लावलेत?" मावशी म्हणाली.

साहेबांनी शेवटची पळवाट काढली. संगणकातले अर्ज छापून आणा म्हणाले, टेबलावर ठेवा, सवडीने बघू.

"ठेवते," मावशी म्हणाली. "पण घड्याळजीच्या मोबाइलवर तुमचं नाव दिसतंय, साहेब. पुढे तीनशे एकतीस दिवस. उद्या तीनशे बत्तीस दिसतील."

साहेबांनी चष्मा लावला. नकाशा पाहिला, माप पाहिलं, मंजूर केलं. दारात उभ्या मावशीने वेळ बघितली, नऊ मिनिटं.

"बघा, नवी पद्धत किती वेगवान आहे," साहेब म्हणाले.

"पद्धतीचं कौतुक नंतर करा. काम मुळात नऊ मिनिटांचं होतं."

साहेबांना अचानक फोन करायचा आठवला.

पुढच्या आठवड्यात मावशी घड्याळजीच्या गल्लीत गेली. गवंडी उतारावर शेवटचा थापीचा हात फिरवत होता. दारात खुर्चीवर बसलेल्या बाईने तिला जवळ बोलावलं.

"परवापर्यंत वाळेल म्हणतात. मावशी, तुमचे साहेब राहतात कुठे हो? पहिली चक्कर तिकडेच मारीन म्हणते."

मावशीने पत्ता सांगितला, मजल्यासकट.