घरच्या गाडीचा स्विच

किल्ली फिरवूनही गाडी ढिम्म राहिली की लोक चावीवाल्यांचं गॅरेज गाठत. स्टिअरिंगखालचं झाकण उघडून किल्लीमागचा झिजलेला स्विच बदलण्यात त्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, आणि इतरांना विसरू देण्याइतके ते भले नव्हते.

त्यांच्या स्वतःच्या गाडीचा स्विच मात्र वर्षानुवर्षं खराब. दिव्याखाली अंधार, म्हणून लोक हसत. लोकांना काय कळतंय! हा अंधार मुद्दाम राखलेला होता. किल्ली फिरवून अर्धी मागे घ्यायची, स्टिअरिंग किंचित वर उचलायचं, मग किल्ली हलकेच पुढे रेटायची, अशी त्या गाडीची खोड. ती फक्त त्यांच्या हाताला माहीत. बायको गाडी उत्तम चालवायची, पण निघताना "अहो, जरा सुरू करून देता का?" हे आलंच. बहिणीकडे गेली तरी दारात इंजिन चालू ठेवून खिडकीतूनच दोन शब्द बोलायची आणि परत फिरायची. बंद केली तर पुन्हा सुरू कोण करणार?

तिची आई अत्यवस्थ असल्याचा निरोप आला तेव्हा तिने गॅरेजात फोन केला. "आलोच," म्हणाले, आणि हातातल्या गिऱ्हाइकाची गाडी निवांत पुरी केली. आई गेल्याचं तिला गाडीत बसल्या बसल्या कळलं. किल्ली हातातच होती.

"आधी पोचून तू काय करणार होतीस?" संध्याकाळी जेवताना ते म्हणाले. "डॉक्टर आहेस का?"

तिने भाजी वाढली.

आजार हत्तीच्या पावलांनी येतो म्हणतात, तसा तो आला. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, "सुरुवातीचे महिने महत्त्वाचे. रोज व्यायामाला आणा, हात परत येईल." त्या हातावरच चावीवाले चावीवाले होते. त्यांना दुसरं काही नकोच होतं.

रोज सकाळी ती त्यांना नीटनेटके कपडे घालून, कमरेला धरून गाडीत बसवी. किल्ली सरळ फिरवी. दिवे लागत, इंजिन गप्प.

"चला, आजही नाही."

एकदा त्यांनी डावा हात आडवा नेऊन स्टिअरिंग उचलायची धडपड केली. तिने तो अलगद सोडवून त्यांच्या मांडीवर ठेवला. "राहू द्या हो. दमाल."

गॅरेजातला कारागीर नवा स्विच घेऊन आला. "ताई, अर्ध्या तासाचं काम आहे."

"नको रे बाबा. घरच्या गाडीला कुणी हात लावायचा नाही, असं ह्यांनीच सांगून ठेवलंय ना?"

सांगितलं होतं खरं, त्यालाच, चार लोकांत खेकसून. तो मान खाली घालून गेला. शेजाऱ्यांनी आपली गाडी देऊ केली, तर ह्यांना परक्या गाडीत बसायला कमीपणा वाटतो, म्हणाली. तेही खोटं नव्हतं.

एका दुपारी तिने त्यांची खुर्ची खिडकीशी आणून ठेवली. "बहिणीकडे जाऊन येते. जेवूनच येईन." खाली जाऊन गाडीत बसली. किल्ली अर्धी मागे, स्टिअरिंग वर, हलका रेटा. पहिल्याच फटक्यात इंजिन लागलं. आई गेल्या दिवसापासून ती त्यांचा हात निरखत आली होती. तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

त्यांच्या घशातून काहीबाही आवाज निघाले. ऐकायला कोणी नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुन्हा त्यांना कपडे घातले, गाडीत बसवलं आणि किल्ली सरळ फिरवली.

महिने असेच गेले. मग डॉक्टर घरी आले. त्यांनी उजवी बोटं उघडून पाहिली, ती पुन्हा आत वळली. "आता हात येणं कठीण. रोज आणायला हवं होतं, बाई."

"काय करणार, डॉक्टर? गाडीच सुरू होत नव्हती." तिने रुमालाने नवऱ्याच्या तोंडाची लाळ पुसली. "ह्यांनाच विचारा ना."

डॉक्टरांनी खरंच त्यांच्याकडे पाहिलं.