खडूमामांची फुली

माझ्या मामांच्या सदऱ्याच्या खिशात मी कधी पेन पाहिलं नाही. तिथे खडू असायचा. जाड, पिवळा, कारखान्यातला खडू. त्यामुळे त्यांच्या सगळ्या सदऱ्यांचे खिसे हळद लागल्यासारखे दिसत, आणि मामी होती तोवर ते धुताना ती जे बोलायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. पोलोग्राउंडच्या एका पंपांच्या कारखान्यात मामांनी उभी नोकरी माल तपासण्यात घालवली. तयार पंप समोर आला की फिरवायचा, ठोकायचा, कान लावून ऐकायचा. ठीक असला तर बरोबरची खूण, नसला तर फुली. नोकरी संपली, पण खडू काही सुटला नाही. इंदूरमधल्या आमच्या सगळ्या गोतावळ्यात ते खडूमामाच.

कुणाच्याही घरी गेले की डगमगत्या स्टुलावर फुली, गळक्या बादलीवर फुली. एकदा माझ्या आईने केलेल्या अनारशांच्या डब्यावर फुली उमटली, तेव्हा बहीणभावांचं दिवाळी संपेपर्यंत बोलणं बंद होतं. मला बघायला मुलगा आला त्या दिवशी सगळे त्याला नोकरीचं विचारत बसले होते आणि मामा बाहेर त्याची मोटरसायकल बघत होते. आत येऊन त्यांनी जाहीर केलं, "ब्रेक टाइट आहेत, चेनला तेल आहे. लडका ओके!" मागच्या मडगार्डवर पिवळी खूण करूनच ते आत आले होते. मोटरसायकल मित्राची होती हे मला लग्नानंतर कळलं.

ज्याच्या वस्तूवर फुली पडे तो रुसून बसे. मामांना याचं मनापासून नवल वाटायचं. "अरे, फुली म्हणजे फेकायचं थोडीच आहे?" ते समजावत. "ओके माल गेटच्या बाहेर जातो, मग त्याचं तोंड पण दिसत नाही. फुलीवाला वापस येतो. त्याला खोलतात, नीट करतात. माझी सगळी दोस्ती फुलीवाल्या मालाशीच झाली."

आमची रेवा शाळेच्या वयाची झाली आणि घरात काळजी शिरली. घरी तिची टकळी क्षणभर थांबत नसे, पण परकं माणूस दिसलं की तोंडाला कुलूप. खासगी शाळेत मुलाखतीच्या वेळी बाईंनी प्लास्टिकचं सफरचंद दाखवून रंग विचारला. रेवाने सफरचंदाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, मग छताकडे पाहत बसली. तीन शाळांत हेच झालं. तिसरीतल्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "बच्ची को अभी घर पर ही रखिए." मी त्यांच्या जिन्यात उभी राहून रडले. तेव्हा रेवाने मला विचारलं, "आई, त्यांना रंग माहीत नव्हता का?"

आता उरली होती आमच्या गल्लीमागची सरकारी प्राथमिक शाळा. नवरा म्हणाला, "ऑफिसात कुणाचं पोर सरकारीत नाही. लोक काय म्हणतील?" लाज मलाही वाटत होती, खोटं कशाला सांगू. पण भीती त्याहून मोठी होती. तिथल्या गर्दीत ही गप्प बसली, तर वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातसुद्धा येणार नाही, आणि माझी पोर तशीच मुकी मोठी होईल.

मामांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. "माल बघितला का कोणी? नाही ना? मग कशाला बोलताय? मी बघतो."

आधी ते एकटेच चौथ्या एका खासगी शाळेत जाऊन आले. "सोफा आहे, काचेच्या पेटीत मछल्या आहेत. पण क्लास दाखवा म्हटलं तर म्हणे अलाउड नाही. शोरूम दाखवतात, मशीन दाखवत नाहीत. अगं, मशीन चालताना बघायला पाहिजे."

मग मामा, मी आणि रेवा सरकारी शाळेत गेलो. तिथल्या मुख्याध्यापिकेला सगळे बडी मॅडम म्हणत. ठेंगणी बाई, चष्मा दोरीने गळ्यात, पहिली आणि दुसरी एकाच खोलीत शिकवत होत्या. "आप?" त्यांनी विचारलं. मामा एकच शब्द बोलले, "इन्स्पेक्शन." बडी मॅडम ताडकन उठल्या, मुलं उठली, आणि मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं. मामांचं काम सुरूही झालं होतं. नळ फिरवून बघितला. संडासाची कडी लावून बघितली. बाकावर बसून डुलून घेतलं. जिथे तिथे पिवळी फुली. जेवणाची पोळी उजेडात धरली आणि तिला मात्र मान डोलावली. जाताजाता बाहेरच्या भिंतीचं फुगलेलं प्लास्टर ठोकून तिथेही दोन ठसठशीत फुल्या ओढल्या.

शहरात सगळीकडे रस्ते रुंद करणं चाललं होतं. भिंतीवर पालिकेची खूण पडली की भिंत पडणार, हे पोराटोरांनाही माहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले तर शाळेपुढे ही गर्दी! कचोरीवाल्याने ठेला केव्हाच पलीकडे नेला होता आणि तिथून तो ओरडत होता, "अरे भिया, स्कूल टूट रिया है!" आया पोरांचे हात धरून गेटपाशी उभ्या, कुणी एक निवृत्त गृहस्थ अर्ज लिहायला बसलेले, आणि मधोमध रात्रभर न झोपल्यासारख्या बडी मॅडम. तेवढ्यात रेवाचं बोट धरून मामा आले. त्यांनी भिंतीकडे निरखून पाहिलं आणि आनंदाने म्हणाले, "अरे, ये तो अपना चॉक है!"

बडी मॅडमनी विचारलं, "आप किस विभाग से हैं?"

"पंप."

"पंप?"

"रिटायर्ड."

रेवाच्या प्रवेशावर मी तिथल्या तिथे मनातल्या मनात फुली मारली. बडी मॅडम म्हणाल्या, "चौदा निशान हैं. मैंने गिने हैं. लगाए आपने, तो ठीक भी आप ही करेंगे. कल औजार लेकर आइए." मामांचा चेहरा असा फुलला, जणू कारखान्याचा गेटपास पुन्हा हातात पडला.

पुढे रोज मामा पिशवीत पाने-पेचकस घेऊन शाळेत जात, आणि रेवा त्यांच्यामागे. ते काम करत आणि ती, प्रवेश झालेला नसतानाच, वर्गात मागे बसून राही. संध्याकाळी मला अहवाल मिळे, "नळ ओके. कडी ओके." मी वैतागून विचारी, "मामा, शिकवतात कसं ते सांगा!" तर म्हणत, "बघतोय. घाई नको करू."

तिसऱ्या संध्याकाळी म्हणाले, "ती मॅडम रेवाला काहीच विचारत नाही."

मी धास्तावून म्हटलं, "म्हणजे लक्षच नाही ना?"

"लक्ष आहे. रोज येता-जाता तिच्या बाजूला पाटी ठेवून जाते, बोलत काही नाही. बेटा, नवीन पुर्जा ठोकून बसवला की तुटतो. ही बाई ठोकत नाही."

सातव्या दिवशी जे झालं ते मामांनी पुढे प्रत्येक लग्नात, मुंजीत आणि एका तेराव्यातही सांगितलं. ते दाराची बिजागरी बसवत होते. वर्गात हजेरी चालली होती. शेवटचं नाव झालं, बडी मॅडमनी रजिस्टर मिटलं, आणि मागून बारीक, चांगलाच चिडका आवाज आला, "मॅडम, मेरा नाम रह गया!"

मामांच्या हातातला पेचकस खाली पडला. बडी मॅडमनी मानसुद्धा वर केली नाही. "हां, रह गया. मम्मी से कहना, फॉर्म भर के ले आए."

त्या दिवशी मामांनी आमची घंटी वाजवली नाही. दाराशी कसला तरी खरखर आवाज आला म्हणून मी उघडलं, तर ते दारावर बरोबरची खूण काढत होते, केवढी मोठी! मी पुन्हा रडले. या वेळी जिना निदान स्वतःचा होता.

रेवा आता तिसरीत आहे. वर्गात ती इतकी बोलते की बडी मॅडमनी तिला दोनदा बाहेर उभं केलंय. दोन्ही वेळा मामांनीच जाऊन रदबदली केली. पण या उन्हाळ्यात पुण्याचा त्यांचा मुलगा त्यांना न्यायला आला. मामांचे गुडघे गेले होते, एकट्याने राहणं जमण्यासारखं नव्हतं. आम्ही त्यांना पोचवायला गेलो तेव्हा रिक्षा दारात उभी होती आणि मामा स्वतःच्याच सुटकेसचं हॅन्डल हलवून बघत होते.

रेवा पुढे झाली. तिने त्यांच्या खिशातून खडू काढला आणि सुटकेसवर फुली मारली.

"अगं, हे काय?" मी ओरडले. "आजोबा निघालेत, चांगली खूण कर!"

"नको," रेवा म्हणाली. "ओके माल जातो, मग त्याचं तोंड पण दिसत नाही. फुलीवाला वापस येतो."

मामा गुडघा धरून हळूहळू खाली वाकले. फुलीवरून त्यांनी बोट फिरवलं, बोटाकडे पाहिलं, आणि खडू पुन्हा रेवाच्या हातात दिला.

"लाइन पतली आली," ते म्हणाले. "दाबून मार. पुणं लांब आहे."